लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर पडतं: चालू प्रोग्रामात जावा कंपाइल करतानाचे नेहमीचे बिघाड

गोव्यातल्या लहान-मध्यम हॉटेलांसाठी खोल्यांच्या दरांचं सॉफ्टवेअर सांभाळणं हे आमचं काम. दराचा नियम हॉटेलचा माणूसच पडद्यावर लिहितो: पावसाळ्यातला दर, डिसेंबर अखेरच्या आठवड्याचा दर, कार्निव्हल, शिगमो, चतुर्थीला गावी येणाऱ्यांसाठी सवलत. आमचा प्रोग्राम त्या नियमापासून जावाचा कोड तयार करतो, तिथल्या तिथे कंपाइल करतो (म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणतो) आणि चालवतो. सर्व्हर बंद करायला लागत नाही. यात कंपायलर प्रोग्रामच्या पोटातच बसलेला असतो आणि नेमका तोच पुन्हा पुन्हा दुखतो. म्हापशापासून काणकोणपर्यंत हाच बिघाड मी इतक्या वेळा काढला आहे की आता फोनवरचं पहिलं वाक्य ऐकूनच कुठे बघायचं ते समजतं. तुम्ही बिलिंग, व्याजाचे हिशेब, रिपोर्ट असं काहीही करत असलात तरी लक्षणं हीच असतील.

लक्षणं

- विकासकाच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत; सर्व्हरवर पहिला नियम कंपाइल होताना ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’.
- आयडीईमधून, म्हणजे कोड लिहायच्या साधनातून, चालवलं तर ठीक. जार (सगळे क्लास एकत्र बांधलेली फाइल) बनवून चालवलं की ‘पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट’ किंवा ‘कॅनॉट फाइंड सिंबल’, आणि तेही आपल्याच क्लासबद्दल.
- दिवसा बुकिंग करताना नियम चालतो, रात्रीच्या जॉबमध्ये तोच नियम ‘क्लास सापडला नाही’ म्हणून पडतो.
- लायब्ररी अपडेट केल्यावर अचानक ‘नो क्लास डेफ फाउंड’, आणि नावात जानिनो (जावासाठीचा एक छोटा, वेगळा कंपायलर).
- काही दिवस सगळं छान, मग ‘आउट ऑफ मेमरी: मेटास्पेस’ (मेटास्पेस म्हणजे जावा क्लासची माहिती ठेवतं ती मेमरी). रिस्टार्ट केलं की बरं होतं, पुन्हा येतं.
- नियम बदलला तरी बिल जुन्याच नियमाने निघतं.
- मराठी किंवा कोंकणी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं.
- ‘कोड टू लार्ज’, किंवा तक्रार काही नाही पण एखादा मोठा नियम विलक्षण हळू.

यातलं एकही लक्षण दिसलं की लोक आधी कंपायलर बदलायला निघतात. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा कंपायलर निर्दोष असतो. त्याला क्लास कुठे शोधायचे ते कोणी नीट सांगितलेलं नसतं, किंवा त्याने तयार केलेले क्लास कोणीतरी धरून ठेवलेले असतात. म्हणून निवडीचा विषय मी मुद्दाम खाली ठेवला आहे. वरून सुरुवात करा. पहिल्या तपासण्यांना पैसा लागत नाही, वेळही फारसा नाही.

आधी कंपायलरचं म्हणणं ऐका

जावाच्या स्वतःच्या कंपायलर एपीआयमध्ये, म्हणजे जावा ६ पासून असलेल्या ‘जावाएक्स.टूल्स’मध्ये, एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. कंपाइल करायचं काम ‘कॉल’ मेथड करते, आणि चूक झाली तर ती एक्सेप्शन फेकत नाही. ती ‘फॉल्स’ परत देते. ते उत्तर तपासलं नाही तर प्रोग्राम पुढे जातो, न बनलेला क्लास मागतो, आणि लॉगमध्ये भलतीच चूक दिसते. मग माणूस दोन दिवस क्लासपाथ (क्लास शोधायच्या जागांची यादी) उकरत बसतो आणि मूळ कारण नियमातला एक राहिलेला कंस असतो.

‘डायग्नोस्टिक कलेक्टर’ द्या. तो दिला नाही तर कंपायलरचे संदेश सरळ स्टँडर्ड एररवर जातात, आणि सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामात ते कुठे गेले हे कोणालाच ठाऊक नसतं. संदेशात येणारा ओळ क्रमांक तुम्ही तयार केलेल्या कोडमधला असतो, हॉटेलवाल्याने लिहिलेल्या नियमातला नव्हे. म्हणून तयार झालेला पूर्ण कोड ओळ क्रमांकांसह लॉगमध्ये उतरवा. जानिनो वापरत असाल तर त्यात सोर्स डीबगिंग चालू करण्याची सिस्टिम प्रॉपर्टी आहे. ती लावली की तयार केलेला कोड फाइलमध्ये राहतो आणि डीबगरने त्यात पाऊल टाकता येतं.

इथेच आपल्याकडची खास अडचण सांगतो. नियम लिहिणारा माणूस मराठी कीबोर्डवर असतो आणि ‘७५००’ असं देवनागरीत टाइप करतो. जावाच्या भाषेत संख्या फक्त इंग्रजी आकड्यांत लिहिता येते, त्यामुळे कंपायलर ते नाकारतो. गोंधळ वाढतो तो यामुळे की जावाचीच ‘पार्स इंट’ मेथड देवनागरी आकडे आनंदाने वाचते. म्हणजे त्याच पडद्यावरच्या ‘किती रात्री’च्या रकान्यात ‘३’ चालतो आणि शेजारच्या नियमाच्या रकान्यात नाही. दुसरी गोष्ट, व्हॉट्सॲप किंवा एक्सेलमधून चिकटवलेला नियम. त्यात न तुटणारी मोकळी जागा आणि वळणदार अवतरणचिन्हं येतात. डोळ्याला काही दिसत नाही, कंपायलर मात्र ‘इल्लीगल कॅरेक्टर’ म्हणतो. कोड तयार करण्याआधी आकडे बदलून घ्या, अशा मोकळ्या जागा साध्या करा. वीस ओळींचं काम आहे आणि आमचे कितीतरी फोन त्याने थांबले.

कोणतं जावा चालतंय?

‘नल पॉइंटर’चं हे नेहमीचं कारण. ‘गेट सिस्टिम जावा कंपायलर’ ही मेथड कंपायलर सापडला नाही तर गुपचूप नल देते. एपीआय वेगळ्या मॉड्यूलमध्ये आहे (जावा.कंपायलर), प्रत्यक्ष कंपायलर वेगळ्या (जेडीके.कंपायलर). जेआरईत (जावा नुसतं चालवण्यापुरता संच) पहिलं असतं, दुसरं नसतं; जेडीकेत (विकासकाचा पूर्ण संच) दोन्ही असतात. म्हणून प्रोग्राम सुरू होतो, तक्रार करत नाही, आणि पहिला नियम आला की कोसळतो. जावा ८ आणि त्याआधी कंपायलर ‘टूल्स.जार’ या फाइलमध्ये असायचा. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून ती फाइलच राहिली नाही. जुन्या सूचना वाचून ‘टूल्स.जार’ शोधत बसू नका.

‘जावा’ कमांडला ‘लिस्ट मॉड्यूल्स’ हा पर्याय द्या आणि यादीत जेडीके.कंपायलर आहे का ते पाहा. मात्र हे ज्या जावावर सर्व्हिस चालते त्याच जावावर करा. तुम्ही लॉगिन करून टाइप केलेलं ‘जावा’ आणि सर्व्हिसच्या फाइलमध्ये लिहिलेला मार्ग अनेकदा वेगळे असतात. जूनमध्ये पहिल्या वादळी पावसाने वीज जाते, सर्व्हर जनरेटरवर पुन्हा उठतो, आणि दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी बदललेलं जावा त्या दिवशी पहिल्यांदा वापरात येतं. बिघाड ‘पावसामुळे’ झाला असं सगळ्यांना वाटतं.

डॉकर, म्हणजे प्रोग्राम बंदिस्त कंटेनरमध्ये चालवायचं साधन, वापरत असाल तर मूळ इमेजच्या नावात ‘जेआरई’ आहे का ते बघा. ‘जेलिंक’ने स्वतःचं छोटं रनटाइम बनवलं असेल तर त्यात जेडीके.कंपायलर हे नाव मुद्दाम घालावं लागतं. उपाय सोपा आहे: जेडीके टाका. डिस्कवर थोडी जास्त जागा जाते, इतकंच. आणि प्रोग्राम सुरू होतानाच एक ‘एक अधिक एक’ असा नियम कंपाइल करून बघा, म्हणजे नल असेल तर तेव्हाच कळेल. शनिवारी रात्री पाहुणा काउंटरवर उभा असताना कळण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ग्रालव्हीएमच्या नेटिव्ह इमेजमध्ये (आधीच यंत्रभाषेत बदललेली फाइल) प्रोग्राम बांधला असेल तर इथेच थांबा. त्यात सगळे क्लास बांधणीच्या वेळीच ठरलेले असतात. चालू असताना नवा जावा कोड कंपाइल करून आत घेणं हे त्या रचनेतच बसत नाही.

जारच्या आवृत्त्या

जानिनो दोन जारमध्ये येतो: ‘जानिनो’ आणि ‘कॉमन्स-कंपायलर’. दोन्ही एकाच आवृत्तीचे हवेत. आवृत्त्यांच्या प्रवासात काही क्लास एका पॅकेजमधून दुसऱ्यात गेले आहेत, ‘इंटर्नल कंपायलर एक्सेप्शन’ हा त्यातलाच एक. जोडी विजोड झाली की ‘नो क्लास डेफ फाउंड’ ठरलेलं. आणि ही जोडी तुम्ही काही न करताही फुटते, कारण स्प्रिंग बूट (जावाचे सर्व्हर प्रोग्राम उभारायची चौकट) जानिनोची आवृत्ती स्वतः ठरवतो, आणि स्पार्क किंवा कॅल्साइट या डेटाच्या क्वेरी हाताळणाऱ्या लायब्रऱ्या आपल्यासोबत वेगळी आणतात. बांधणीचं साधन मेव्हन, त्याचं ‘डिपेंडन्सी ट्री’ काढा, दोन्ही नावं शोधा, दोन्हींवर एकच आकडा टाका. पाच मिनिटं.

ईसीजे, म्हणजे एक्लिप्सचा कंपायलर, याचं दुखणं उलटं असतं: तो जुना राहतो आणि जावा नवं येतं. जावा ८ आल्यावर जुन्या टॉमकॅटवर (जावाचा वेब सर्व्हर) जेएसपी पानं ‘मॅप.एंट्री हा टाइप सापडत नाही’ म्हणून पडायची. जुन्या ईसीजेला नव्या क्लास फाइल वाचता येत नव्हत्या. आजही जुनं जॅस्पररिपोर्ट्स (रिपोर्ट बनवणारी लायब्ररी) नव्या जावावर नेताना याच जातीची चूक येते. जावाच्याच मूळ क्लासबद्दल ‘सापडत नाही’ आलं तर क्लासपाथला हात न लावता ईसीजेची आवृत्ती वाढवा.

क्लास शोधायचे कुठे?

माझा सगळ्यात जास्त वेळ यात गेला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

जावासी, म्हणजे जेडीकेसोबत येणारा जावाचा स्वतःचा कंपायलर, आणि जानिनो क्लास शोधतात त्या दोन रीती मुळातच वेगळ्या आहेत. जावासीला क्लास फाइल लागते. तो क्लासपाथवरची फोल्डरं आणि जार उघडून त्यांतल्या फाइल स्वतः वाचतो. चालू प्रोग्राममध्ये तो क्लास आधीच लोड झालेला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जानिनो मात्र चालू प्रोग्रामच्या क्लास लोडरलाच (क्लास मेमरीत आणणारा भाग) विचारतो, ‘हा क्लास दे’, आणि मिळालेल्या क्लासची रचना रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू क्लासलाच विचारून, वाचतो.

आता स्प्रिंग बूटचा एकसंध जार घ्या. त्यात आपले क्लास ‘बूट-इन्फ’ फोल्डरच्या आत आणि लायब्रऱ्यांचे जार त्याच जारच्या पोटात. जावासीला क्लासपाथ म्हणून फक्त बाहेरचा जार दिसतो. जारमधला जार तो उघडत नाही. आयडीईमध्ये मात्र प्रत्येक फोल्डर, प्रत्येक जार सुटा असतो. तिथे चालतं आणि इथे ‘पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट’, ते यामुळे.

सगळ्यात स्वस्त उपाय, जार सुटा करून चालवा. स्प्रिंग बूट ३.३ पासून ‘जारमोड’ला ‘टूल्स’ देऊन ‘एक्स्ट्रॅक्ट’ केलं की लायब्रऱ्या वेगळ्या फोल्डरमध्ये येतात आणि जावासीला सगळं दिसू लागतं. आमच्या बहुतेक ठिकाणी एवढ्याने काम झालं. ते शक्य नसेल तर स्वतःचा फाइल मॅनेजर लिहा: ‘फॉरवर्डिंग जावा फाइल मॅनेजर’ वाढवायचा आणि ‘लिस्ट’ मेथडमध्ये आतल्या जारमधले क्लास काढून द्यायचे. हे जमतं, पण प्रत्येक मोठ्या स्प्रिंग बूट आवृत्तीला पुन्हा तपासावं लागतं, आणि ते कोण करणार हे आधी ठरवा. नियम लहान असतील तर तिसरी वाट जानिनोची.

क्लास शोधून कंपाइल झालं तरी लोड करताना वेगळा घोळ होतो. नव्या क्लाससाठी जो लोडर बनवता त्याचा पालक, म्हणजे तो आधी ज्याला विचारतो तो लोडर, कोण? पुष्कळ जण सिस्टिम क्लास लोडर देतात. एकसंध जारमध्ये त्या लोडरला आपले क्लास माहीतच नसतात. पालक म्हणून नेहमी तुमच्या नियमाचा जो इंटरफेस आहे, त्याच इंटरफेसचा लोडर द्या. ‘अमुक क्लास अमुक क्लासमध्ये कास्ट होत नाही’ आणि दोन्ही नावं अक्षरशः एकच, अशी चूक आली तर समजा की तोच इंटरफेस दोन लोडरनी दोनदा लोड केला आहे.

रात्रीच्या जॉबचं कोडंही इथेच सुटतं. जानिनोला पालक सांगितला नाही तर तो चालू थ्रेडचा (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) कॉन्टेक्स्ट लोडर घेतो. वेब विनंतीच्या थ्रेडवर तो बरोबर असतो. पण रात्रीचा जॉब पॅरलल स्ट्रीम वापरत असेल तर काम फोर्क-जॉइनच्या सामाईक थ्रेडवर जातं, आणि जावा ९ पासून त्या थ्रेडचा कॉन्टेक्स्ट लोडर म्हणजे सिस्टिम लोडर. तोच नियम, तोच जार, वेगळा थ्रेड. कळंगुटच्या एका हॉटेलात हा बिघाड महिनाभर ‘कधी कधी येतो’ या नावाने राहिला होता. ‘सेट पॅरेंट क्लास लोडर’ची एक ओळ लिहिली आणि संपला.

अक्षरं, पर्याय आणि उघड्या फाइल

कोड मेमरीतल्या स्ट्रिंगमधून दिला तर एन्कोडिंगचा प्रश्नच येत नाही. फाइलमध्ये लिहून मग कंपाइल करत असाल तर दोन्ही टोकांना यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून तेच मूळ एन्कोडिंग झालं. त्याआधी ते यंत्राच्या भाषेवर ठरायचं, आणि डॉकरमध्ये भाषा ठरवलेली नसली की ‘पावसाळी सवलत’चे प्रश्नचिन्ह होतात.

जावासीला ‘प्रॉक’ पर्याय ‘नन’ असा द्या. जावा २२ पर्यंत क्लासपाथवर लॉम्बॉकसारखा अॅनोटेशन प्रोसेसर (कंपाइल करताना जादा कोड तयार करणारा जोड) दिसला की तो आपोआप चालायचा. जावा २३ पासून तो मागितल्याशिवाय चालत नाही. दरांच्या नियमाला त्याची गरज नाही, फुकटचा वेळ जातो.

फाइल मॅनेजर वापरून झाला की बंद करा. नाहीतर तो जार उघडे धरून ठेवतो आणि एके दिवशी ‘टू मेनी ओपन फाइल्स’ येतं. आणि कंपाइल झालेले क्लास मेमरीतच घ्या; तसं सांगितलं नाही तर जावासी ते चालू फोल्डरमध्ये लिहायला जातो, आणि फक्त वाचता येणाऱ्या कंटेनरमध्ये तिथेच अडकतो.

कॅश आणि मेटास्पेस

आता कष्टाचं काम. आधी दोन प्रश्न विचारा: एकच नियम किती वेळा कंपाइल होतो, आणि जुना नियम मरतो का?

पहिल्याचं उत्तर लॉगमध्ये एक मोजणी टाकली की मिळतं. प्रत्येक बुकिंगला कंपाइल होत असेल तर तो बिघाड आहे. कॅश, म्हणजे एकदा कंपाइल केलेला क्लास जपून ठेवायची जागा, हवीच. पण कॅशची किल्ली काय ठेवता ते महत्त्वाचं, आणि याचा धडा मला चटका लावून मिळाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, हॉटेलच्या खोल्यांवरचा जीएसटी बदलला: दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के, इनपुट क्रेडिटशिवाय, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. आदल्या रात्री आम्ही सगळीकडचे नियम बदलले. सकाळी हॉटेलच्या हिशेबनीसाचा फोन आला, “भाई, बिलावर अजून बारा टक्केच येतायत.” नियम बदलला होता, पण आमची कॅश नियमाच्या नावावर होती. नाव तेच, म्हणून जुना क्लासच मिळत राहिला. तेव्हापासून किल्ली म्हणजे नियमाचा पूर्ण मजकूर. मजकूर बदलला की किल्ली बदलली. लक्षात ठेवून काही पुसावं लागत नाही.

दुसरा प्रश्न अवघड. जावात सुटा क्लास मेमरीतून जात नाही. तो लोड करणारा लोडर पूर्ण मोकळा झाला तरच त्याचे सगळे क्लास एकत्र जातात. म्हणून सगळ्या नियमांना एकच लोडर देऊ नका. प्रत्येक नियमाला स्वतःचा लोडर द्या, म्हणजे एक नियम बदलला की फक्त त्याचाच लोडर सुटतो. जावा १५ पासून ‘हिडन क्लास’ची सोय आहे, तीही याच कामाची: असा क्लास त्याच्या लोडरशी घट्ट न बांधता बनवता येतो आणि वापर संपला की एकटा जाऊ शकतो.

तपासायचं असं. ‘जेस्टॅट’ला ‘जीसी’ पर्याय देऊन मेटास्पेसचा आकडा दिवसातून काही वेळा टिपून ठेवा. तो चढून स्थिरावला तर ठीक. नियम बदलताना दर वेळी वर जातो आणि खाली येतच नाही, तर गळती आहे. मग ‘जेसीएमडी’ची ‘व्हीएम.क्लासलोडर_स्टॅट्स’ ही आज्ञा चालवा. तुमच्या नियमांच्या लोडरची संख्या नियमांच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त दिसली तर कोणीतरी जुने लोडर धरून बसलं आहे. मला नेहमी सापडलेले धरणारे: थ्रेड-लोकलमध्ये ठेवलेला नियमाचा ऑब्जेक्ट, जेसन लायब्ररीची क्लासची कॅश, न थांबलेला टायमर, आणि मर्यादा न घातलेला स्टॅटिक मॅप. या चारांत पाहिल्याशिवाय हीप डंप (मेमरीची पूर्ण नोंद) उघडू नका.

मेटास्पेसला वरची मर्यादा घाला. मूळ स्थितीत ती नसते, त्यामुळे गळती असेल तर जावा यंत्राची मेमरी खात सुटतं, आणि कंटेनरमध्ये मग ऑपरेटिंग सिस्टिमच प्रोग्राम मारते. लॉगमध्ये जावाची एकही चूक दिसत नाही, फक्त बाहेर पडल्याचा कोड १३७. मर्यादा असली की निदान ‘मेटास्पेस’ हा शब्द तरी लिहून येतो. पण मर्यादा नुसती वाढवत नेणं हा उपाय नव्हे; पुढचा बिघाड तुम्ही डिसेंबरवर ढकलत असता.

नियम फार मोठा झाला

जावाच्या एका मेथडचा बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) ६५,५३५ बाइटपेक्षा मोठा होऊ शकत नाही. ‘कोड टू लार्ज’ तिथून येतं. पण त्याच्या फार आधी एक अदृश्य रेषा आहे: हॉटस्पॉट, म्हणजे जावा चालवणारी नेहमीची व्हीएम, मूळ स्थितीत ८००० बाइटपेक्षा मोठी मेथड जेआयटीने (चालता चालता यंत्रभाषेत बदलणारा भाग) कंपाइल करतच नाही. ती कायम इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे एकेक सूचना वाचत, चालते. चूक येत नाही, फक्त हळू. आमच्या एका नियमात वर्षाच्या प्रत्येक तारखेसाठी एक ‘इफ’ होतं, ते याच रेषेपलीकडे गेलं होतं. तारखांची यादी कोडमध्ये न लिहिता टेबलात ठेवली आणि नियमाने टेबलात पाहायचं, एवढंच केलं. कोड लहान, पुन्हा कंपाइल करायचं कारणही कमी. टेबल शक्य नसेल तर महिन्याला एक अशा मेथड पाडा.

एवढं करूनही कंपायलर बदलायचा असेल तर

जेडीके टाकता येत असेल आणि नियमात पूर्ण जावा हवं असेल तर जावासीच ठेवा. भाषेची प्रत्येक नवी सोय त्याला येते, चुकांचे संदेश स्वच्छ असतात, वेगळी आवृत्ती सांभाळावी लागत नाही. तोटा एकच: थंड सुरुवातीला तो जड आहे, रिस्टार्टनंतरचा पहिला नियम वेळ खातो. सुरुवातीचा तो ‘एक अधिक एक’ इथेही उपयोगी पडतो.

जानिनो लहान आहे, पटकन कंपाइल करतो, जेआरईवर चालतो, आणि एका ओळीच्या सूत्रासाठी त्याचा ‘एक्स्प्रेशन इव्हॅल्युएटर’ अगदी बेताचा बसतो. स्पार्क २.० ने २०१६ मध्ये क्वेरीचे टप्पे एकत्र करून जावा कोड बनवायला सुरुवात केली तेव्हा तो कोड जानिनोच कंपाइल करत होता. प्रत्येक क्वेरीला नवा कोड लागतो, तिथे वेग हवा. पण जानिनोला लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शनं) येत नाही, आणि जेनेरिक्स (मॅप किंवा यादीत कोणत्या प्रकारची किंमत आहे ते सांगणं) तो वाचतो नि सोडून देतो. मॅपमधून काढलेली किंमत तुम्हाला स्वतः कास्ट करावी (तिचा प्रकार सांगावा) लागते, नाहीतर ती त्याच्या लेखी नुसता ‘ऑब्जेक्ट’, आणि ‘अशी मेथड कुठे जाहीर केलेली नाही’ असा संदेश येतो. कोड तुमचा प्रोग्राम तयार करत असेल तर हे कास्ट घालणं सोपं आहे. माणूस हाताने पूर्ण जावा लिहिणार असेल तर जानिनो देऊ नका, त्याचा जीव मेटाकुटीला येईल.

ईसीजे मधला. एका जारमध्ये येतो, जेआरईवर चालतो, आणि जवळजवळ पूर्ण भाषा समजतो. टॉमकॅटची जेएसपी आणि जॅस्पररिपोर्ट्स त्याच्यावरच उभे आहेत. तो जावाएक्स.टूल्सच्या एपीआयमागेही बसतो, म्हणून जावासीसाठी लिहिलेला कोड फारसा न बदलता त्याच्यावर नेता येतो. एक खबरदारी: चुका असूनही क्लास बनवायची त्याला मुभा दिली तर तो बनवतो, आणि चूक चालवताना ‘अनरिझॉल्व्ह्ड कंपायलेशन प्रॉब्लेम’ म्हणून फुटते. पैशांच्या हिशेबात ही मुभा बंदच ठेवा.

आमची आजची मांडणी अशी आहे: दरांची सूत्रं जानिनोवर, क्वचित लागणारे मोठे नियम जावासीवर, आणि दोन्ही एकाच छोट्या इंटरफेसमागे. आणि जिथे नियम फक्त ‘इतके टक्के वजा’ एवढाच आहे, तिथे आम्ही कंपायलर काढूनच टाकला. टक्के टेबलात. माझ्या मते निम्म्या प्रोग्राममध्ये तेवढंच पुरेल.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

नियमाचा मजकूर बाहेरच्या, अनोळखी माणसाकडून वेबवर येत असेल तर पुढे एक ओळही लिहू नका. कंपाइल झालेला जावा कोड सर्व्हरवर तुमच्या प्रोग्रामला जे करता येतं ते सगळं करू शकतो: फाइल वाचणं, डेटाबेस पुसणं. पूर्वी सिक्युरिटी मॅनेजरचा (कोडला काय करू द्यायचं ते ठरवणारी जावाची सोय) आधार असे. जावा १७ मध्ये तो काढायचं जाहीर झालं आणि जावा २४ मध्ये तो कायमचा बंद केला गेला. काही शब्दांवर बंदी घालून हे सुरक्षित होत नाही. सुरक्षा तपासणारा माणूस आधी, कोड नंतर.

प्रोग्राम पडून फोल्डरमध्ये ‘एचएस_एर’ नावाने सुरू होणारी फाइल दिसली तर तो जावाच्या व्हीएमचा किंवा नेटिव्ह कोडचा क्रॅश आहे. जावाची ताजी दुरुस्ती आवृत्ती एकदा टाकून बघा. पुन्हा झालं तर व्हीएम जाणणाऱ्याकडे द्या, पर्याय उलटसुलट करत बसू नका. मेटास्पेसची गळती वरच्या चार ठिकाणी सापडली नाही आणि हीप डंपमधली साखळी तुम्ही न लिहिलेल्या लायब्ररीत जाऊन थांबते, तर तेही त्याचंच काम. आणि चुकीच्या कराची बिलं पाहुण्यांच्या हातात गेली असतील तर नियम दुरुस्त केल्याने ती बिलं दुरुस्त होत नाहीत. त्याच दिवशी हॉटेलच्या सीएला फोन करा.

बोलवताना रिकाम्या हाताने बोलवू नका. जावाची आवृत्ती आणि मॉड्यूलची यादी, डिपेंडन्सी ट्री, पडलेल्या नियमाचा तयार झालेला पूर्ण कोड, आणि काही तासांच्या अंतराने दोनदा घेतलेली क्लास लोडरची आकडेवारी एका फोल्डरमध्ये ठेवा. रिस्टार्ट करण्याआधी घ्या. रिस्टार्टनंतर ती आकडेवारी हाती लागत नाही.